टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालतो का, आणि त्यात नेमकी कोणती शस्त्रे येतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डॅलसजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, टेक्सासचा शस्त्र बाळगण्याचा परवाना (तिथे सगळे त्याला एलटीसी म्हणतात) खिशात आहे. पत्नी तिच्या स्वतःच्या एच-१बी व्हिसावर आहे. नाताळच्या सुट्टीत गाडीने न्यू जर्सीत, एडिसनला बहिणीकडे जायचे आहे आणि नवीन वर्ष तिथे घालवून परतायचे आहे. सोबत ग्लॉक १९ पिस्तूल, पत्नीच्या पर्समध्ये पेपर स्प्रे आणि कॅम्पिंगचा म्यानातला सुरा. परवाना आहे म्हटल्यावर वाटेतल्या राज्यांत कोणी अडवायला नको आणि एका कार्डात तिन्ही वस्तू येत असाव्यात, असे तुम्ही धरून चालला आहात.

दोन्ही गृहीतके चुकीची आहेत. उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. पिस्तूल घरी कुलपात ठेवून निघा. स्प्रे न्यायचा तर न्यू जर्सीच्या मापाची बाटली घ्या. सुरा लागणारच असेल तर तो सामानात, डिकीत जाऊ दे, कमरेला नको. आणि तुमच्या पत्नीचा पिस्तुलाशी संबंध येऊ नये हे तर टेक्सासमध्ये असतानासुद्धा पाळायचे आहे, त्याकडे पुढे येतो.

आपल्या लोकांचा मूळ घोळ भारतातल्या सवयीने होतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात, त्यावर ठरावीक हत्याराची नोंद असते, आणि परवाना नसेल तर पिस्तूल घरातही ठेवता येत नाही. म्हणजे मालकी आणि बाळगणे दोन्ही एकाच कागदावर. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पिस्तूल विकत घ्यायला आणि घरात ठेवायला परवानाच लागत नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते, पैसे द्यायचे, झाले. ‘कन्सील्ड कॅरी’चा परवाना त्याच्या पुढच्या एकाच कृतीसाठी असतो: भरलेले शस्त्र कपड्याखाली किंवा पर्समध्ये ठेवून चारचौघांत फिरणे. ही परवानगी राज्य देते आणि आपल्या हद्दीपुरती देते. गाडीच्या लायसन्सची सवय इथे उपयोगाची नाही, कारण एकमेकांचे परवाने मानायला राज्यांना भाग पाडणारा फेडरल म्हणजे केंद्राचा कायदा नाही. तसे एक विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले होते, पण सिनेटमध्ये अडकले.

त्यामुळे प्रत्येक राज्यात दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हे राज्य माझे कार्ड मानते का? आणि मानत असेल तर त्या राज्याच्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाखाली काय काय येते? दुसरा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

कार्डावरचे नाव नीट वाचा. तुमच्या कार्डाला २०१५ पर्यंत ‘कन्सील्ड हँडगन लायसन्स’ म्हणत. १ जानेवारी २०१६ पासून होल्स्टरमध्ये उघड बाळगायलाही परवानगी मिळाली तेव्हा ‘कन्सील्ड’ शब्द गळला, नाव ‘लायसन्स टु कॅरी अ हँडगन’ झाले आणि बोलण्यात ‘लायसन्स टु कॅरी’ एवढेच उरले. बोलण्यातून ‘हँडगन’ गेले तरी अर्थातून गेलेले नाही: हे कार्ड पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरतेच आहे. तुमच्या सुऱ्याला ते कधीच लागू नव्हते. टेक्सासमध्ये तो सुरा चालतो याचे कारण वेगळे आहे. १ सप्टेंबर २०१७ पासून तिथे प्रौढ माणसाला साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याचा सुराही जवळ ठेवता येतो. फक्त शाळा, बार, इस्पितळ, प्रार्थनास्थळ अशा ठिकाणी नेता येत नाही.

फ्लोरिडात याच्या उलट. तिथला परवाना ‘कन्सील्ड वेपन ऑर फायरआर्म’ या नावाचा आहे आणि त्यात हँडगन, विजेचा झटका देणारे उपकरण, अश्रुधुराची बंदूक, सुरा आणि सोटा एवढे सगळे येते. मुठीत घालायचे लोखंडी कडे मात्र येत नाही. (हा परवाना देते कोण, तर राज्याचे कृषी खाते. संत्र्यांच्या बागा आणि पिस्तुले एका छपराखाली.) विस्कॉन्सिनच्या व्याख्येत हँडगन, विद्युत शस्त्र आणि बिली क्लब म्हणजे आखूड दंडुका आहे, सुरा पूर्वी होता, २०१६ मध्ये वगळला, कारण तो बाळगायला परवानाच नको असे ठरले. जॉर्जियात ‘वेपन’ म्हणजे हँडगन किंवा १२ इंचांपेक्षा लांब पात्याचा सुरा. २०१७ पर्यंत ही मर्यादा ५ इंच होती. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीएवढे पाते आज तिथे या व्याख्येत बसतच नाही.

इलिनॉयचे कार्ड ‘कन्सील्ड कॅरी लायसन्स’ एवढेच म्हणते, पण कायद्याने हँडगनच्या व्याख्येतून स्टन गन आणि टेझर ही विजेचा झटका देणारी उपकरणे स्पष्टपणे बाहेर ठेवली आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये याच स्टन गनसाठी पिस्तुलाचाच परवाना लागतो. पेनसिल्व्हेनियाच्या कार्डावर ‘फायरआर्म्स’ लिहिलेले पाहून लोक शिकारीची रायफल भरून गाडीत ठेवतात आणि फसतात. तिथल्या व्याख्येत ‘फायरआर्म’ म्हणजे १५ इंचांपेक्षा आखूड नळीचे पिस्तूल, १६ पेक्षा आखूड रायफल, १८ पेक्षा आखूड शॉटगन, किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असलेली बंदूक. नेहमीची लांब रायफल त्यात येत नाही, आणि भरलेली लांब बंदूक गाडीत ठेवणे तिथे परवानाधारकालाही मना आहे.

व्हर्जिनिया तुमच्या वाटेवर आहे म्हणून सांगतो. तिथला परवाना न्यायालयाकडून मिळतो आणि तो ‘हँडगन’चाच. पण लपवून बाळगू नयेत अशा वस्तूंच्या यादीत पिस्तुलासोबत डर्क म्हणजे कट्यार, बोवी म्हणजे मोठा शिकारी सुरा, मॅचेटी म्हणजे कोयता, वस्तरा, धातूची मूठ असे बरेच काही आहे. म्हणजे तिथे परवानाधारकाचे पिस्तूल कोटाखाली चालेल, आणि त्याच कोटाखालचा कट्यारीच्या जातीचा सुरा गुन्हा ठरेल. कॅलिफोर्नियातही तेच: कोटाखालचा न मिटणारा टोकदार सुरा हा गुन्हा, आणि पिस्तुलाचे कार्ड त्यावर पांघरूण घालत नाही.

एवढ्यावर भागत नाही. काही राज्यांत परवाना ‘हँडगन’ या जातीचा नसून ठरावीक नगाचा असतो. कॅलिफोर्नियात कार्डावर प्रत्येक पिस्तुलाची कंपनी, मॉडेल, कॅलिबर (नळीचा व्यास) आणि अनुक्रमांक नोंदलेला असतो. कपाटातले दुसरे पिस्तूल उचलून निघालात तर परवाना असूनही तुम्ही विनापरवाना. न्यूयॉर्कमध्येही पिस्तुले परवान्यावर चढवून घ्यावी लागतात, आणि राज्याचा परवाना न्यूयॉर्क शहरात वेगळ्या मंजुरीशिवाय चालत नाही. न्यू मेक्सिकोत प्रशिक्षणाच्या वेळी ज्या प्रकारचे आणि ज्या सर्वांत मोठ्या कॅलिबरचे पिस्तूल चालवून दाखवाल ते कार्डावर छापले जाते. नऊ मिलिमीटरवर परीक्षा दिली आणि त्याहून मोठे .४५ घेऊन फिरलात तर ते चालत नाही. उलट टोकाला मिनेसोटा: तिथला ‘पिस्तूल बाळगण्याचा परवाना’ लपवण्याबद्दल बोलतच नाही, झाकून ठेवा की उघड, एकच कार्ड.

तुम्ही विचाराल, आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय बाळगता येते, मग एवढा उहापोह कशाला? खरे आहे. व्हर्माँटमध्ये परवाना कधी नव्हताच, आजही ते राज्य तो देत नाही. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये, टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ ला, ओहायो आणि इंडियानाने २०२२ मध्ये, फ्लोरिडाने १ जुलै २०२३ ला परवान्याची अट काढली. दुसऱ्या बाजूला, ‘तुम्हाला खास गरज काय ते सिद्ध करा’ म्हणणाऱ्या न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांची ती अट सर्वोच्च न्यायालयाच्या २३ जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने गेली. त्यावर त्यांनी दुसरीकडून दोर आवळला: न्यूयॉर्कमध्ये १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष नेमबाजी, कॅलिफोर्नियात नव्या अर्जाला किमान १६ तास, आणि जिथे शस्त्र नेता येणार नाही अशा जागांची लांबलचक यादी.

तरीही परवाना नको असलेल्या राज्यात कार्ड काढून ठेवा, असेच मी सांगतो. एक कारण सर्वांना माहीत असते, दुसऱ्या राज्यात ते उपयोगी पडते. दुसरे कारण फार थोड्यांना माहीत असते. फेडरल कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेले पिस्तूल घेऊन जाणे गुन्हा आहे. यातून सूट मिळते ती, ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर. ‘परवाना लागत नाही’ म्हणजे ‘परवाना दिला’ असे होत नाही. आणि शेजारच्या राज्याने तुमचे कार्ड मानले म्हणजे ‘दिले’ असेही होत नाही, असाच या शब्दांचा अर्थ फेडरल यंत्रणा लावत आली आहे. नकाशावर गावातल्या प्रत्येक शाळेभोवती ३०० मीटरचे वर्तुळ काढून पाहा, मुख्य रस्ता एखाद्या तरी वर्तुळातून जातोच. पिस्तूल रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असेल तर मात्र हा प्रश्न येत नाही.

आता तुमचा रस्ता. नेहमीची वाट धरली तर आय-३० महामार्गाने आर्कान्सा, तिथून आय-४० ने टेनेसी, मग आय-८१ ने व्हर्जिनिया, पश्चिम व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, आणि शेवटी आय-७८ ने न्यू जर्सी. आर्कान्सा आणि टेनेसी टेक्सासचे कार्ड मानतात. व्हर्जिनिया १ जुलै २०१६ पासून इतर राज्यांचे परवाने मानते, पण वय २१ पूर्ण हवे आणि सरकारी फोटो ओळखपत्र जवळ हवे. पश्चिम व्हर्जिनियात २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याची अटच नाही. पेनसिल्व्हेनिया ठरावीक राज्यांचेच परवाने मानते आणि त्यात टेक्सास आहे. पण तिथे एक मेख आहे: फ्लोरिडाचा परवाना ते फक्त फ्लोरिडात राहणाऱ्यांचा मानतात. घरबसल्या परराज्याचे कार्ड काढून सगळीकडे फिरता येते, ही समजूत अशा ठिकाणी तोंडघशी पाडते.

राहिले मेरीलँड. आय-८१ चा मेरीलँडमधला तुकडा जेमतेम १२ मैलांचा आहे. दक्षिणेकडून येताना पोटोमॅक नदीचा पूल ओलांडला की मेरीलँड, आणि गाडीत लावलेले गाणे दोन-तीनदा वाजेपर्यंत पेनसिल्व्हेनिया. पण मेरीलँड कोणत्याही राज्याचे कार्ड मानत नाही. त्या १२ मैलांसाठी कमरेचे पिस्तूल हा सरळ गुन्हा आहे.

अशा तुकड्यासाठी १९८६ च्या फेडरल कायद्यात ‘सुरक्षित प्रवासा’चे कलम आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. जिथून निघालात आणि जिथे पोचणार, दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ ठेवणे आणि बाळगणे तुम्हाला कायदेशीर हवे. पिस्तूल रिकामे हवे. आणि पिस्तूल व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताशी नकोत. सेडान असेल तर डिकी पुरते. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनला वेगळी डिकी नसते, तिथे कुलूप लावलेली पेटी हवी. ग्लव्ह बॉक्स आणि दोन सीटमधला कप्पा कुलूपबंद असला तरी कायद्याने चालत नाही, नावे घेऊन वगळले आहेत. लोक इथेच चुकतात.

पेनसिल्व्हेनियापर्यंतच जायचे असते तर मी सांगितले असते: व्हर्जिनियातल्या मुक्कामी, सकाळी खोलीतच हे काम उरका. आधी मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा कप्पा काढा, मग स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढते आणि माणूस समजतो पिस्तूल रिकामे झाले. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. पिस्तूल टणक पेटीत, कुलूप, मागे. गोळ्या वेगळ्या डब्यात, त्याही मागे. पेट्रोल पंपाच्या आवारात, लोकांसमोर हा कार्यक्रम करू नका. कोणीतरी पोलिसांना फोन करतोच. आणि मेरीलँडमध्ये न थांबता पार व्हा. हे कलम प्रवासाला आहे, मुक्कामाला नाही.

पण तुमचे ‘पोचण्याचे ठिकाण’ न्यू जर्सी आहे आणि पहिली अट तिथेच मोडते. न्यू जर्सी परराज्याचे एकही कार्ड मानत नाही. स्वतःच्या घरात परवान्याशिवाय पिस्तूल ठेवायची सूट तिथे आहे. बहिणीचे घर हे तुमचे घर नव्हे. म्हणजे पिस्तूल रिकामे, पेटीत, डिकीत असले तरी फेडरल कलमाचे छत्र मिळत नाही. त्यात ग्लॉक १९ सोबत येणारे मॅगझिन १५ गोळ्यांचे असते, न्यू जर्सीत मर्यादा १० ची. ते मॅगझिन रिकामे असले तरी स्वतंत्र गुन्हा. स्वसंरक्षणासाठी जवळजवळ सगळे जी पोकळ टोकाची गोळी वापरतात, ती न्यू जर्सीत घरी, शिकारीला किंवा नेमबाजीच्या मैदानावर चालते. बाहेर बाळगायला तिथल्या स्थानिक परवानाधारकालाही मनाई आहे. एका पिस्तुलातून तीन वेगवेगळे आरोप होतात ते असे.

शिक्षेचेही सांगतो. विनापरवाना हँडगन हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, ५ ते १० वर्षे, आणि ग्रेव्हज कायद्याखाली पॅरोलशिवाय किमान ४२ महिने. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेल्या एका महिलेला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवले. तिने प्रामाणिकपणे ‘माझ्याकडे पिस्तूल आणि परवाना आहे’ सांगितले आणि तिथेच अटक झाली. शेवटी २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा ती सुटली. ती नागरिक होती. तुम्ही नाही. ग्रीन कार्डधारकाला बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवले तर तेवढेच हद्दपारीच्या कारवाईला पुरते. माफीच्या आशेवर हा धोका पत्करू नका.

न्यू जर्सीचा परवाना परराज्यातल्या माणसाला मिळूच शकत नाही असे नाही. राज्य पोलिसांकडे अर्ज, चार जणांची शिफारस, नेमबाजीची पात्रता, २०० डॉलर. पण एका आठवड्याच्या सुट्टीसाठी हा व्याप करावा असे मला वाटत नाही, आणि तो सुट्टीआधी हातात पडेल याचा भरवसा नाही. वर्षातून चारदा जात असाल तर जरूर विचार करा.

‘मग विमानाने नेतो’ असे कोणी सुचवेल. टेक्सासहून निघताना काही अडचण येणार नाही: रिकामे, टणक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. अडचण परतताना येते. न्यूअर्कच्या काउंटरवर ‘पेटीत पिस्तूल आहे’ म्हणणे म्हणजे न्यू जर्सीच्या पोलिसासमोर कबुली. नुसते विमान बदलणारेही तिथे अडकले आहेत: जोडविमान चुकले, कंपनीने बॅग हातात दिली, रात्र हॉटेलात काढली, सकाळी पुन्हा चेक-इनला गेले आणि अटक. त्यातले एक प्रकरण फेडरल अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की बॅग ताब्यात आल्यावर शस्त्र प्रवाशाच्या हाताशी होते, म्हणून कलमाचे संरक्षण नाही. असा प्रसंग आलाच तर बॅग ताब्यात घेऊ नका, विमान कंपनीकडेच राहू द्या.

आता पत्नीबद्दल. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ असे तात्पुरते व्हिसा असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या जवळ ठेवायला मनाई आहे. ठळक अपवाद एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डला ही मनाई नाही. इथे ‘जवळ ठेवणे’ म्हणजे हातात धरणे एवढेच नाही. पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये विसरून तुम्ही ऑफिसला गेलात आणि त्याच गाडीने ती दुकानात गेली, तर ते तिच्या ताब्यात होते असा दावा होऊ शकतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय व्हिसाचे काय होईल ते वेगळे. म्हणून घरातल्या तिजोरीची किल्ली किंवा आकडा तुमच्याकडेच असू द्या, आणि गाडीतून उतरताना पिस्तूल सोबत उतरू द्या. शिकारीच्या परवान्याचा अपवाद खरा आहे, पण तो फेडरल मनाई उठवतो. राज्याचे कॅरी कार्ड त्याने मिळेलच असे नाही. फ्लोरिडा तर नागरिक किंवा ग्रीन कार्ड याशिवाय अर्जच घेत नाही.

पेपर स्प्रे मात्र या फेडरल कायद्यात बंदूक नाही, त्यामुळे ती निर्धास्त ठेवू शकते. फक्त माप पाहा. न्यू जर्सीत १८ वर्षांवरील माणसाला खिशात मावणारा, पाऊण औंसापर्यंत रसायन असलेला स्प्रे चालतो. किल्लीच्या जुडग्याला अडकवायच्या बाटल्या साधारण अर्ध्या औंसाच्या असतात, त्या बसतात. खेळाच्या दुकानात मिळणारा अस्वलांसाठीचा मोठा डबा नाही बसत. फ्लोरिडात ही मर्यादा २ औंस, कॅलिफोर्नियात अडीच. म्हणून ‘मागच्या सहलीत चालला होता’ हा पुरावा धरू नका. न्यूयॉर्कला जाऊन घ्यावा म्हणाल तर तिथे तो औषधाच्या दुकानातून किंवा शस्त्रविक्रेत्याकडून स्वतः जाऊनच घ्यावा लागतो.

सुऱ्याचे कोडे त्याच्या आकारात आणि निमित्तात आहे. न्यू जर्सीत खंजीर, कट्यार, बटण दाबताच उघडणारा चाकू यांना सबळ कायदेशीर कारण लागते, आणि इतर सुरे ‘प्रसंगाला शोभतील’ असे हवेत. तंबू, दोर, स्टोव्ह यांच्यासोबत पेटीत असलेला सुरा शोभतो. एडिसनच्या बाजारात कमरेला शोभत नाही. नाताळात कॅम्पिंग होणार नसेल तर तो घरीच ठेवा, आणि फळे कापायला साधा मिटता चाकू घ्या.

पोलिसाने थांबवले तर काय, हेही राज्यागणिक बदलते. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना आणि अलास्कात तुम्ही होऊन, लगेच सांगायचे असते. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितले की लायसन्ससोबत एलटीसीही द्यायचे. दोन्हीकडे सवय एकच बरी: हात स्टिअरिंगवर, काच खाली, आतला दिवा चालू. आणि गाडीची कागदपत्रे पिस्तूल असलेल्या कप्प्यात कधीच ठेवू नका. ती काढायला हात गेला की पोलिसाला आधी पिस्तूल दिसते.

परत कधी दुसऱ्या वाटेने निघालात तर तपासायची पद्धत सांगून थांबतो. ॲप आणि रंगीत नकाशे सुरुवातीला ठीक, पण त्यावर बेतू नका. प्रत्येक राज्याच्या ॲटर्नी जनरल किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर कोणाचे परवाने मानतात त्याची यादी असते, तिथे ‘फक्त रहिवाशांचे’ अशी तळटीप आहे का ते पाहा. मग त्या राज्याच्या कायद्यातले व्याख्येचे कलम उघडा आणि ‘हँडगन’, ‘फायरआर्म’ की ‘वेपन’, यातला कोणता शब्द आहे ते वाचा. मग मॅगझिनची मर्यादा, मग बंदीच्या जागा. पोस्ट ऑफिस तर सगळ्या देशात वर्ज्य आहे, पार्किंगसकट. हे सगळे जाताना पाहिले म्हणून येताना विसरू नका: पुष्कळ राज्यांचे नवे कायदे १ जुलै किंवा १ जानेवारीला लागू होतात, आणि तुमचा परतीचा प्रवास १ जानेवारीनंतरचा आहे.